च्यूत्येन, मिनसू आणि दिघीची बोट

विमानतळाच्या दारातून बाहेर आलेल्या लिन काकूंनी मला मिठी मारली नाही की प्रवास कसा झाला ते सांगितलं नाही. एका हातात बॅग, दुसऱ्या काखेत थर्मास आणि पहिलाच प्रश्न, "तू मला कुठे ठेवणार आहेस?"

"आधी पुण्याला माझ्या घरी. मग समुद्रावर, काशीदला," मी ऐटीत म्हणाले. "झकास च्यूत्येन बघून ठेवलंय."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मी त्यांना पोलीस चौकीत झोपवणार आहे असं सांगितलं असतं, तरी त्या एवढ्या हिरमुसल्या नसत्या.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी पुण्यात चिनी भाषा शिकवते. स्वतः शिकत होते तेव्हा वर्षभर चीनच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या एका छोट्या बेटावर राहिले होते, लिन काकूंच्या घरात. खाली त्या राहायच्या, वर पाहुण्यांच्या खोल्या. याला चिनीत मिनसू म्हणतात. आपण 'राहायची सोय आहे का?' एवढं विचारलं की आपलं भागतं. चिनी माणसाचं भागत नाही. त्याच्याकडे उतरण्याच्या जागेला ढीगभर शब्द, आणि शब्द बदलला की सगळंच बदलतं. दार कोण उघडणार, पाणी कोण आणणार, मालक तोंड दाखवणार की नाही, हे शब्दावरूनच कळतं. च्यूत्येन याचा अक्षरशः अर्थ दारूचं दुकान, पण आज त्याचा अर्थ काचेचं दार, थंडगार लॉबी, लिफ्ट आणि हसरी स्वागतिका. मिनसू म्हणजे लोकांचं घर, जिथे मालकीण स्वतःच्या स्वयंपाकघरातून डोकावून 'जेवलीस का?' म्हणून विचारते.

लिन काकूंचं तर सगळं आयुष्यच या शब्दांमधून गेलंय. नव्या नवरीच्या वयात त्या एका चाओताइस्वोमध्ये नोकरीला लागल्या. कारखान्यांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी आपापल्या माणसांसाठी बांधलेली विश्रामगृहं म्हणजे चाओताइस्वो. तिथून त्या पिनक्वानमध्ये गेल्या, म्हणजे जरा रुबाबदार पाहुणेघरात. शेवटी नवऱ्याबरोबर बेटावर परतून त्यांनी स्वतःचं मिनसू काढलं. नवरा गेला, गुडघे कुरकुरायला लागले, पण घर त्यांनी चालू ठेवलं.

आता त्यांचा मुलगा आ-वेइ त्यांच्या मागे लागला होता. शहरातली एक कंपनी ते घर चालवायला घ्यायला तयार होती. कंपनी वर आणखी मजला चढवणार, दारांना आकड्यांची कुलपं लावणार, पाटी बदलून च्यूत्येन करणार, आणि काकूंनी शहरात मुलाकडे जाऊन आरामात राहायचं. आ-वेइ वाईट मुलगा नाही. आई चादरींचे गठ्ठे घेऊन जिने चढते हे त्याला बघवत नाही, एवढंच. काकूंनी भारतातून परतल्यावर हो की नाही ते सांगायचं होतं.

"म्हणून मला इथली घरं बघायचीत," त्या पुण्याला माझ्या पाहुण्यांच्या खोलीत पलंगावर बसून म्हणाल्या. "लोक कसे ठेवतात पाहुण्यांना, ते बघते. मग ठरवते."

"आणि मला काय वाटतं ते नाही विचारणार?"

"तू काय सांगशील ते मला माहीत आहे. तुला फक्त तुझी जुनी खोली हवी असते." हे अगदी खरं होतं.

काशीद

मी गाडी चालवत होते आणि काकू शेजारी बसून प्रत्येक पाटी वाचायला लावत होत्या. अलिबाग मागे पडलं, रेवदंडा गेलं आणि मग तर पाट्यांचा पाऊसच सुरू झाला. कॉटेज, रिसॉर्ट, होम स्टे, 'घरगुती जेवणाची व राहण्याची उत्तम सोय', 'लॉजिंग-बोर्डिंग'. मी एकेकाचा अर्थ सांगत गेले तशा काकू खुलत गेल्या.

"लॉज म्हणजे?"

"राहायची स्वस्त जागा. पण कुटुंबं शक्यतो जात नाहीत. नाव जरा..." मी हात हलवला.

"ल्यूक्वान!" काकूंनी मांडीवर थाप मारली. "स्टेशनाजवळचं ल्यूक्वान म्हटलं की माझी आई दाराला कडी लावायची." मी वर्गात ल्यूक्वान हा शब्द 'प्रवाशांचे साधे विश्रामस्थान' असा शिकवते. आता कडीसुद्धा शिकवणार.

आमचं रिसॉर्ट खरंच छान होतं. पांढऱ्या भिंती, निळं पाणी भरलेला तलाव, दाराला लावायचं कार्ड. काकू ते कार्ड उलटसुलट करून बघत राहिल्या. चाओताइस्वोमध्ये पाहुण्याला किल्ली मिळतच नसे, असं त्यांनी सांगितलं. मजल्याच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेली मुलगी किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायची आणि दार उघडून द्यायची. ती मुलगी म्हणजे काकू. कोण किती वाजता आलं, कोण शिंकतंय, कुणाला घरची आठवण येतेय, सगळं त्यांना ठाऊक.

रिसेप्शनवरच्या तरुणाला काकूंनी एक प्रश्न विचारायला लावला. पुढे सगळ्या प्रवासात हा प्रश्न मी इतक्यांदा मराठीत केला की झोपेतही बडबडले असते.

"या विचारतायत, पाहुणा गेल्यावर तुम्ही काय करता?"

तो गोंधळला. "गेल्यावर? म्हणजे चेकआऊट के बाद? लगेच हाऊसकीपिंग जातं ना मॅडम. तासाभरात रूम रेडी. पुढची पार्टी लॉबीत बसलेलीच असते. आपलं एकदम टॉप काम आहे." आणि खरंच टॉप होतं. त्याला अभिमान वाटावा असंच.

"हा मुलगा आ-वेइला आवडेल," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर मात्र बाईंनी विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि पाण्यात शिरून समुद्राला मोठमोठ्याने हाका मारायला सुरुवात केली. सुरूच्या झाडांखाली सरबत पिणारी माणसं वळून बघायला लागली. मी आधी लाजले, मग चपला काढून मीही गेले आणि मीही ओरडले. पुण्यात असं ओरडायला जागाच नसते. कपडे कमरेपर्यंत भिजले, केसांत वाळू गेली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की एका घोडागाडीवाल्याने चौकशी केली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

जेवायला तळलेले बोंबील आले. काकूंनी पहिला घास घेतला आणि काटा-चमचा खाली ठेवला.

"हा मासा तुमच्याकडे कुठून आला?"

"समुद्रातून," मी म्हटलं.

"हा आमचा तोफू-मासा आहे! आम्ही वाळवतो, मीठ लावून. माझा बाप वाळवायचा." मग त्यांनी आणखी एक बशी मागवली, आणि मग आणखी एक. रिसॉर्टबद्दल त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता.

बोर्ली पंचतन आणि हरिहरेश्वर

दुसऱ्या दिवशी मुरूडवरून आगरदांड्याला आलो. इथे गाडी बोटीत घालून खाडी ओलांडायची आणि पलीकडे दिघीला उतरायचं. डाव्या-उजव्या बाजूला स्कूटर, एक टेम्पो, शेळ्या, आणि मध्ये आमची गाडी. जंजिरा दूर पाण्यात बसलेला. बोट सुटताना भोंगा वाजला आणि काकू टाळ्या वाजवायला लागल्या. त्यांच्या बेटावरही मोठ्या गावातून अशीच बोट येते. मला एकदम त्यांच्या घराच्या गच्चीवरून ती बोट येताना दिसायची ती संध्याकाळची वेळ आठवली, आणि मीच काकूंचा हात धरला.

बोर्ली पंचतन हे मोठं बाजाराचं गाव. तिथे काकूंना इंग्रजी अक्षरांत हॉटेल अशी पाटी दिसली आणि त्या थेट आत शिरून खोली बघायला मागायला लागल्या. गल्ल्यावरचे काका अवाक. मी मागून धावत गेले.

"काकू, हे खायचं हॉटेल आहे. आमच्याकडे हॉटेलात वडे खातात, झोपत नाहीत."

काकू दोन क्षण विचार करत उभ्या राहिल्या आणि मग इतक्या आनंदाने बसल्या की बाकडं करकरलं. "फानत्येन!" फानत्येन म्हणजे भाताचं दुकान. त्यात साधी खानावळही आली आणि राजधानीतलं जुनं, भारदस्त निवासही आलं. बाहेर उभं राहून पाटी वाचली तरी आत भात मिळेल की बिछाना ते कळायचं नाही. "म्हणजे तुम्हीही आमच्यासारखेच आहात," त्या म्हणाल्या. "उगीच इतकी वर्षं तुला वेगळी समजत होते."

गल्ल्यावरच्या काकांनी विचारलं, "ह्यांना काय देऊ?"

"गरम पाणी," मी म्हटलं. काकू गार पाण्याला शिवत नाहीत. चिनी माणसाला प्रवासात एक वेळ जेवण नसलं तरी चालतं, पण गरम पाणी हवंच. थर्मास भरून मिळाला, वडे आले, आणि निघताना बाजारात सुक्या मासळीवाल्या बाईंच्या टोपलीपुढे काकू ज्या फतकल मारून बसल्या त्या उठेचनात. सुका बोंबील नाकाशी धरून डोळे मिटून बसलेली ही परदेशी बाई बघायला चांगली गर्दी जमली. मासळीवाल्या बाईंनी मला हळूच विचारलं, "रडतायत व्हय?" खरंच रडत होत्या थोड्याशा. बाईंनी वरून मूठभर जवळा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "घेऊन जा म्हनावं. माहेरचा समजा."

हरिहरेश्वरला आम्ही देवळाजवळच्या भक्तनिवासात उतरलो. व्यवस्थापक काकांनी पासपोर्ट चारी बाजूंनी पाहिला, पोलीस ठाण्यात फोन लावून परदेशी माणसासाठी काय काय कळवावं लागतं ते विचारून घेतलं, आणि मग भिंतीवरच्या खिळ्यावरून लाकडी ठोकळा बांधलेली किल्ली काढून स्वतः खोली उघडायला आले. काकू त्यांच्या मागून चालताना मला कोपराने ढोसत होत्या. "बघ, बघ. चाओताइस्वो. हा म्हणजे मीच." रांगेने सारख्या खोल्या, हिरवा रंग, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, दारावर 'पंखा व दिवा बंद करावा.' त्या काळी चाओताइस्वोमध्ये उतरायचं तर आपल्या कचेरीचं ओळखपत्र आणावं लागे. कागद नसलेल्या माणसाला त्यांनी परत पाठवलंय, हेही त्यांनी सांगितलं. पाहुणा म्हणजे कागद, असा तो जमाना.

"पाहुणा गेल्यावर काय करता?" मी विचारलं.

"गेल्यावर?" व्यवस्थापक काका गंभीर झाले. "पंखा बंद केलाय का ते बघतो. कधीच केलेला नसतो."

ओहोटी बघून आम्ही खडकांवरून प्रदक्षिणा केली. लाटांनी कोरलेल्या त्या खडकांवर काकू शेळीसारख्या उड्या मारत होत्या आणि मी मागून 'गुडघे, गुडघे!' म्हणून ओरडत होते. खोलीवर आल्यावर मात्र त्या गुडघे चोळत बसल्या. आ-वेइचा आवाजी निरोप आला होता. 'आई, काही ठरलं का? कंपनीवाले विचारतायत.' काकूंनी तो दोनदा ऐकला.

"तो बरोबर बोलतोय," त्या म्हणाल्या. "जिने मला झेपत नाहीत. आणि कंपनीची माणसं हुशार आहेत. पाहुण्याने फोनवर 'निघालो' या बटणावर बोट दाबलं की सफाईची माणसं आलीच. हल्ली प्रयोग म्हणून माझ्याकडेही तसंच करतात. पाहुणा फाटकातून बाहेर पडतो, तेव्हा बादलीवाला फाटकातून आत येत असतो. दोघं एकमेकांना वाट देतात." पाय लांब करत म्हणाल्या, "यात चूक काहीच नाही. तरी मला ते बघताना बरं वाटत नाही. का, ते सांगता येत नाही."

मी पुढे होऊन त्यांचे गुडघे चोळायला घेतले.

दिघी

परतीला दिघीच्या जेट्टीवर आलो तर बंदरावर धोक्याचा बावटा लागलेला. खाली कुठेतरी समुद्र बिघडला होता, वारं भणाणत होतं आणि फेरी उद्यापर्यंत बंद. म्हसळ्यावरून वळसा घालून जाता आलं असतं. पण काकूंना बोटीनेच जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग सुरू झाली शोधाशोध. पहिल्या घरी चेहरा बघूनच नकार. "फॉरेनर नको ताई. पोलिसात कळवा, ऑनलाइन भरा, कोन करनार?" दुसऱ्या घरी खोली होती, पण मालक गावाला. मी चिडले, वाऱ्यावर चिडले, बावट्यावर चिडले. काकू मात्र मजेत. चीनमध्येही छोट्या जागांना परदेशी माणसाला ठेवण्याची पंचाईत असते, आणि मला बेटावर ठेवून घेताना त्यांनी स्वतः चौकीच्या किती चकरा मारल्या होत्या, ते त्यांनी मला तेव्हा प्रथमच सांगितलं.

जेट्टीच्या वरच्या अंगाला, चढावर एक घर होतं. पाटी अशी नव्हतीच. पुठ्ठ्यावर खडूने 'रूम आहे' एवढंच. ओटीवर एक बाई कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांचं नाव सुमनबाई. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, मग आभाळाकडे, मग आत हाक मारली, "गो प्रणिता, फॉरेनरचा ते फोनवर भरायचा तुला येतं का?"

आतून सून आली. "येतं ना आई. पासपोर्ट द्या ताई, होऊन जाईल." पनवेलची मुलगी. खोल्या फोनवर टाकायची युक्ती तिची, स्वयंपाक सासूबाईंचा.

"मंग या," सुमनबाई म्हणाल्या. "जेवान आत्ताच सांगा पन. मागून सांगाल तं मिलनार न्हाय."

जेवण आधी सांगायचं, ही आपल्या किनाऱ्यावरची रीत काकूंना फार आवडली. त्यांच्याकडे पाहुणा पिंपातला जिवंत मासा बोटाने दाखवतो आणि तो मासा शिजून येतो. इथे बाई विचारतात किती जण, आणि पुढचं त्या बघतात. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण, भात, सोलकढी. काकूंनी गरम पाणी मागितलं तर सुमनबाईंनी कपाळाला हात लावून ताप बघितला आणि ओवा घालून पाणी आणलं. काकू ते निमूट प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "आवडलं असं हिला सांगू नकोस. उद्या पुन्हा देईल."

खोली म्हणजे त्यांच्या मुलाचीच खोली, तो कामाला मुंबईला असतो. भिंतीवर त्याची शाळेतली बक्षिसं, खिडकीतून खाडी. काकूंनी गादीवर हात फिरवला. या घराला कुठला चिनी शब्द, हे विचारायची गरजच नव्हती.

जेवणानंतर ओटीवर मी तो नेहमीचा प्रश्न विचारला. "पाहुणे गेल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करनार?" सुमनबाई हसल्या. "केर काढायचा, चादरी धुवायच्या, दुसरा काय?"

काकूंनी मान हलवली. मला वाटलं, संपलं. सगळीकडे तेच.

पुन्हा दिघी

सकाळी बावटा उतरला होता. चहा-घावन खाऊन आम्ही निघालो. सुमनबाईंनी काकूंच्या हातात नारळ दिला, प्रणिताने आमच्याबरोबर फोटो काढला. आम्ही जेट्टीवर येऊन गाड्यांच्या रांगेत लागलो. बोट अजून पलीकडच्या काठाला होती. आणि काकू किंचाळल्या.

थर्मास राहिला होता.

मी गाडी वळवली, चढ चढून घरापाशी आले, आणि जे दिसलं ते समजायला मला थोडा वेळ लागला.

अंगणात नवी पार्टी येऊन बसलेली. डोंबिवलीचं कुटुंब, बॅगा, फुगलेला चेंडू, कंटाळलेली मुलं. प्रणिता लाल चेहऱ्याने त्यांना सरबत देत होती. आमच्या खोलीचं दार सताड उघडं, आणि आत आमच्या चादरी होत्या तशाच. उंबऱ्याजवळ सुमनबाई बसलेल्या, शेजारी केरसुणी आडवी, आणि त्या खाडीकडे बघत होत्या.

"ताई, तुम्हीच सांगा आता यांना," प्रणिता मला बघताच म्हणाली. "दर वेळी हेच! माणसं बाहेर उभी आणि या केर काढू देत नाहीत. लोक स्टार कापतात फोनवर. मी काढते म्हटलं तर केरसुणी दाबून बसतात."

सुमनबाई मात्र आम्हाला बघून दचकल्याच. "परत कशाला आल्याव? निघालेल्या मानसानं परत येवू नये."

"थर्मास," काकूंनी मराठीत सांगितलं. तेवढा शब्द त्यांना जमतो.

"बसा आधी. बसा बसा. पानी प्या, मंग नव्यानं निघा." त्यांनी आम्हाला ओटीवर बसवलं, पाणी आणलं, बोटावर साखर दिली. डोंबिवलीच्या गृहस्थांनी घड्याळात पाहून एवढा मोठा सुस्कारा सोडला की मला त्यांची दया आली.

"पण केर का नाही काढला?" मी विचारलं.

सुमनबाईंना हा काय प्रश्न, असं वाटलं असावं. "तुमी वाटेत हाव ना अजून. मानूस वाटेत असला तं त्याच्या मागं लगेच केर काढत न्हाय. घरच्याच्या मागं काढतो का आपन? आमच्या ह्यांची होडी सुटायची, तवा होडी खाडीच्या भायेर जाईपर्यंत केरसुनीला हात न्हाय लावला कधी. मंग पाहुन्यानं काय केलंय? बोटीचा भोंगा वाजला की समजायचा, बसली मानसं. मंग काढायचा."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुणी गावाला निघालं की आई केरसुणी दाराआड ठेवायची. पण ही रीत घरच्या माणसांसाठी असते. खोलीचं भाडं देऊन गेलेल्या, पुन्हा कधी तोंड न दिसणाऱ्या माणसांसाठी कुणी तिष्ठत बसतं, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी काकूंना ते सगळं चिनीत सांगितलं.

काकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडे नववर्षाच्या दिवशी केर काढत नाहीत. घरातलं भाग्य बाहेर जाईल म्हणून. स्वतःच्या भाग्यासाठी थांबणारी माणसं मी पुष्कळ बघितली." त्यांनी सुमनबाईंचे दोन्ही हात धरले, कोलंबीचा वास येणारे, आणि बराच वेळ सोडले नाहीत. सुमनबाई लाजून चूर झाल्या. "काय झालं हो ह्यांना? ताप आला का पुन्हा?"

डोंबिवलीच्या बाई पुढे आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आई, तुम्ही थांबा निवांत," त्या सुमनबाईंना म्हणाल्या. "आम्ही पण परवा निघणार आहोत." आणि त्यांनी नवऱ्याच्या हातातली बॅग काढून खाली ठेवली. प्रणिताने सासूकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि हसत सरबताचा दुसरा जग करायला आत गेली.

आम्ही नव्याने निघालो. गाडी बोटीत चढली. फळी वर ओढली गेली आणि भोंगा वाजला, लांबलचक. मी आणि काकू एकदमच चढावरच्या त्या घराकडे वळलो. इतक्या लांबून काही दिसलं नाही, पण काकू म्हणाल्या, "आता उठली असेल."

मग त्यांनी फोन काढला आणि कठड्याला टेकून मुलाला निरोप बोलल्या. वाऱ्यामुळे त्यांना ओरडावंच लागत होतं, त्यामुळे मलाच काय, टेम्पोवाल्यालाही सगळं ऐकू गेलं.

"आ-वेइ, कंपनीला नाही म्हणून सांग. तू गुडघ्यांचं म्हणतोस ते खरं आहे. वरच्या खोल्या मी बंद करते, खाली माझ्याकडच्या दोनच खोल्या पाहुण्यांना देते. पैसे कमी येतील, येऊ देत. आणि कंपनीचा तो बादलीवाला येतोय तोवर त्याला सांग, पाहुणा फाटकातून गेला तरी लगेच यायचं नाही. आपल्या घरातूनही बोटीचा भोंगा ऐकू येतो. इतकी वर्षं मी त्यावर फक्त घड्याळ लावत आले."

आगरदांड्याच्या काठाला लागायच्या आत उत्तर आलं. आ-वेइ म्हणाला, "बोट उशिरा आली तर?"

"तर थांबायचं," काकू फोनमध्ये ओरडल्या. टेम्पोवाल्याला एक अक्षर कळलं नव्हतं, तरी त्याने अंगठा वर केला.

पुणे

काकूंना वाटेतूनच परस्पर विमानतळावर सोडून मी घरी आले. पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी जाताना घडी घातलेली चादर, उशाशी चहाच्या पानांचा रिकामा पुडा, आणि जमिनीवर काशीदला जायच्या आधी फोडलेल्या शेंगांची टरफलं. मला पसारा सहन होत नाही. मी केरसुणी उचलली.

आणि तशीच उभी राहिले. विमान उशिरा सुटणार होतं, ते मला वाटेतच कळलं होतं. काकू अजून वाटेत होत्या.

मी केरसुणी भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या कडेला बसून फोनकडे बघत राहिले. एक वर्ष त्यांच्या घरात काढून मी परत निघाले, त्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीचं काय केलं असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायचं होतं, पण मी काही लिहायच्या आत फोन वाजला. दोनच ओळी होत्या.

'विमानात बसले. आता काढ केर.'